तरंगमबाडीला जायच्या आधी

खेडीघाटावर त्या सकाळी कावळा एकच होता आणि पिंड दोन.

एक पिंड वासुदेवरावांचा. तो मांडून इरावती ऑक्टोबरच्या उन्हात उभी होती. भाऊ नाही, म्हणून बापाचं दहावं तिनेच केलं होतं. गुरुजींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग "आजकल चलता है" म्हणत दर्भ पुढे सरकवला. दुसरा पिंड थोडा पलीकडे, कुणा परक्यांचा. त्यांची माणसंही अशीच तिष्ठत होती. आणि कावळा मधल्या पायरीवर बसून नर्मदेकडे बघत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

"दादाच्या मनात काहीतरी राहिलंय गं," सरोजिनी आत्या डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "कबूल कर काही. लग्नाचं बोल."

इरावती लग्नाचं बोलली नाही. हात जोडून म्हणाली, "बाबा, मी तरंगमबाडीला जाईन. आपलं ठरलं होतं तसंच."

कावळा उडाला... आणि निघाला थेट पलीकडच्या पिंडाकडे. तेवढ्यात तिकडच्या एका तरुणाने जोरात टाळी वाजवली. कावळा बिचकला, वळला, आणि त्याने वासुदेवरावांच्या भातात चोच घातली.

"अरे यतीन! पागल झाला का तू?" कुणीतरी ओरडलं.

"मच्छर होता," तो खाली बघत म्हणाला.

नंतर घाटावरच्या चहाच्या टपरीवर ती स्वतःहून त्याच्याजवळ गेली.

"तुमचा कावळा मला का दिलात?"

तो गडबडला. मग म्हणाला, "आमचे दिवाकरमामा उम्रभर 'पहले आप, पहले आप' करत राहिले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं आमचं. मामांना चालतं. आणि तुम्ही तिथे... पडाल असं वाटलं मला."

दहा दिवसांत इरावती पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि ते आवरेना. तो तिचं होईपर्यंत नदीकडे तोंड करून उभा राहिला.

"ते तरंग... क्या बोला था आपने? कुठे आलं?" नंतर त्याने विचारलं.

"तमिळनाडूत. अगदी समुद्रावर."

"पोहे मिळतात?"

"नाही."

"सेव?"

"नाही."

"कमाल है! मग कावळा तयार कसा झाला?"

लग्नानंतर वासुदेवराव बायकोला घेऊन एकदाच त्या गावी गेले होते. आडबाजूचं कोळ्यांचं गाव, पाण्याच्या कडेला जुना पिवळा किल्ला, आणि लाटा गातात असं सांगणारं नाव. बायको गेल्यावर त्यांना त्या गावाचा ध्यासच लागला. इरावती शाळेच्या पुस्तकांचं संपादन करायची. ते काम कुठूनही होण्यासारखं होतं. बापलेकीने तिथलं दोन खोल्यांचं घर फोटोंवरून बघितलं, मालकाशी फोनवर बोलणी केली. मग बापाच्या रक्तात दुखणं निघालं आणि घरात समुद्राऐवजी हॉस्पिटलच्या गोष्टी सुरू झाल्या.

आता फेब्रुवारीत निघायचं होतं. यतीनही तिच्याच शहरात राहायचा; तो दर रविवारी येऊ लागला. "फक्त खोके बांधायला," असं पहिल्या रविवारी म्हणाला. दुसऱ्या रविवारी काहीच म्हणाला नाही.

"लोखंडी कपाट नेऊ नका. खाऱ्या हवेत सडतं," तो सांगायचा.

"तुम्ही कधी पाहिलाय समुद्र?"

"नाही. यूट्यूबवर पाहिलंय कपाट."

ती हसायची. पुस्तकांच्या थप्प्या लावताना मध्येच एखादं पान त्याला वाचून दाखवायची. तो चिकटपट्टीचं टोक दातात धरून ऐकायचा. "ये वाला परत वाचा," म्हणायचा. कपाट विकल्यावर दोघं मोकळ्या फरशीवर बसून जेवू लागली. एकदा सुतळीची गाठ आवळताना त्याने तिचं बोट मध्ये धरायला सांगितलं. गाठ बसली. बोट काढायची दोघांनाही आठवण राहिली नाही...

आणि संध्याकाळ झाली की तो उठायचा. "आईची वेळ झाली." त्याची आई, स्मिताताई, लकव्याने अंथरुणाला खिळलेली होती. त्याच्या हातूनच खायची. बाई ठेवून पाहिली, तर तोंड मिटून घेतलं.

जानेवारीत एका रविवारी आत्या आली. खोक्यांमध्ये बसलेल्या यतीनला तिने नीट न्याहाळलं आणि पुतणीला म्हणाली, "लग्न करायचं असेल तर बाप गेल्यापासून वर्षाच्या आत उरका. नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, माहीत आहे ना?"

आत्या गेल्यावर यतीनने बांधलेल्याच खोक्याला पुन्हा सुतळी गुंडाळली.

"आत्याजी काही... गलत नाही बोलल्या," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही येऊ शकता तिकडे?"

त्याने मान हलवली. "आईला खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं तरी रात्रभर रडते. तुम्ही... नाही थांबू शकत?"

इरावतीला 'हो' म्हणणं फार सोपं होतं. म्हणूनच तिला भीती वाटली. बाबांना जे सांगितलं ते काय नुसतं एका पाखराला फसवायला सांगितलं होतं? आणि इथे राहिली असती, तर बाबांच्या रिकाम्या खाटेवरून या माणसाच्या घरात पळून आल्यासारखंच झालं असतं. त्याच्या वाट्याला तशी बायको यावी, असं तिला वाटत नव्हतं.

"चिकटपट्टी द्या," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी ती विजय नगरला त्याच्या फ्लॅटवर गेली. स्मिताताईंनी डोळे उघडले आणि चांगल्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. सोडेनात. ओठ हलले, शब्द काही निघाला नाही. इरावती वाकून तशीच उभी राहिली. शेवटी यतीनने आईचं एकेक बोट हळुवार सोडवलं. त्याला सवय होती.

तो जिन्यापर्यंत सोडायला आला. लिफ्ट बोलवायची कुणालाच घाई नव्हती.

"आत्याजी म्हणाल्या ना, तीन वर्षं..." तो म्हणाला. "मी थांबतो. तोपर्यंत आई—"

ते वाक्य पुढे कुठे जातं ते दोघांनाही दिसलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"नको," इरावती हलकेच म्हणाली. "कुणाच्या जाण्यावर आपलं येणं ठेवायचं नाही. आईंना दिवस मोजत घास भरवशील, आणि मी तिकडे तुझ्या फोनची वाट बघेन, कसल्या बातमीसाठी? तसलं थांबणं नको मला."

ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती.

"मग आपलं काय?"

"प्रेम आहे. तारीख नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे भरले होते, तरी म्हणाला, "मलाही आहे. सुरुवातीपासून. बोलायला थोडा... लेट झालो."

"मला कळत होतं. मच्छर काय दर रविवारी येतो?"

तो हसला. हात पुढे झाला, तिने तो धरला. आणखी एक क्षण गेला असता तर तिने खोके परत मागवले असते, तिकीट फाडलं असतं, बाबांची हात जोडून माफी मागितली असती.

आतून घशातला घोगरा आवाज आला. स्मिताताई जागच्या जागी कण्हत होत्या.

यतीनने हात सोडला आणि धावत आत गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

असा होता म्हणूनच तो तिला आवडला होता. इरावतीने दार हळूच ओढून घेतलं, आईंना वारा लागू नये म्हणून, आणि ती जिना उतरू लागली.