सुनेनंच पाठवलं

“हे वरण हाय का नहराचं पाणी?”

धुरपताबाईंनी वाटी अशी ढकलली की पिवळं वरण सारवलेल्या ओसरीवरून वाहत थेट दारापर्यंत गेलं, आणि दारात उभ्या असलेल्या शेजारच्या सुलोचनाबाईला पाय मागे घ्यावा लागला. रीतानं फडकं आणलं आणि खाली बसून ती मुकाट्यानं वरण पुसू लागली. आतून मात्र तिचा जीव नुसता जळत होता! पहाटे उठून हिनं यांच्यासाठी वेगळं वरण शिजवायचं, वेगळी भाजी करायची, आणि यांनी ते गावासमोर असं लाथाडायचं…

“पाहा वो सुलोचना,” धुरपताबाईंचा आवाज कापत होता, “चाळीस वरीस बांधीत पहिली ओळ धरली मी, आन् आता चिमूटभर मिठासाठी सुनेपुढं हात पसरून राहिली!”

सुलोचनाबाई कसनुशी हसली. रोवणीला, बांधीत भाताची रोपं लावायला, बायका जमवायला ती आली होती. पण या घरात रोवणीचं नाव काढायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून ती तशीच परत गेली.

त्याला कारण होतं. २०१० सालच्या चैत्रात धुरपताबाईंच्या छातीत कळ आली होती. हिमांशू, त्यांचा एकुलता मुलगा, तिरोड्याला मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. तो धावत आला आणि आईला गोंदियाला घेऊन गेला. दहा दिवसांनी सुट्टी देताना डॉक्टरांनी रीतालाच समोर बसवून समजावलं. म्हणाले, “हृदय थकलंय, आणि पाठीचा कणाही. इतकी वर्षं कमरेत वाकून काम केलंय, मणके झिजलेत. औषधं आम्ही देऊ, पण यांना जगवायचं ते रोजच्या सवयींनी, आणि ते तुमच्याच हातात आहे.”

तुमच्याच हातात! ते दोन शब्द घेऊनच रीता घरी आली होती. पंचवीस वर्षांची पोर ती, लग्नाला दोनच वर्षं झालेली, सासरी अजून तिचा शब्द धड कोणी ऐकत नव्हतं… आणि आता सासूचं काळीजच तिच्या ओंजळीत ठेवलं होतं!

घरी आल्यावर हिमांशूनं आईचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. “माय, माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. यापुढं रोवणीले जाणार नाही. बांधीत पाय ठेवशील तर माहं मेलेलं तोंड पाहशील.”

धुरपताबाईंनी शपथ घेतली, पण त्या दिवसापासून त्यांचं हसणंच गेलं.

रीतानं मात्र कंबर कसली. सासूच्या झोळ पडलेल्या खाटेवर तिनं सुताराकडून फळ्या टाकून घेतल्या. उठताना आधी कुशीवर व्हा, मग हाताचा टेकू घ्या, हे रोज सकाळी सांगायचं. रोज नहराच्या, गावच्या कालव्याच्या, पुलापर्यंत चालवत न्यायचं आणि दम लागला की थांबायचं. लांब दांड्याचा झाडू आणला, तरी तो मुळात हातात घेऊ द्यायचा नाही. जेवताना पाठ भिंतीला टेकवायची. लोणचं, पापड, वाळलेली मासळी बंद. आणि गुडाखू, ते काळं तंबाखूचं दंतमंजन, ज्याच्यावाचून धुरपताबाईंची सकाळ होत नसे, तेही बंद! रीतानं एक डबी नाल्यात फेकली की चार दिवसांनी दुसरी तांदळाच्या कोठीत सापडायची.

“जेलर हायेस तू, जेलर!” सासू ओरडायची.

“हो, हाओ मी जेलर!” एकदा रीताही चिडून म्हणाली. “तुमी मेल्या तर लोक मलेच विचारतीन ना!”

बोलून झाल्यावर ती चुलीपुढे बसून रडली. इतकं करून एक गोड शब्द नाही! स्वतः ती बोअरवेलवरून दोन-दोन गुंड, मोठ्या घागरी भरून, पाणी आणत होती, सासूला काखेत धरून उठवत होती, आणि यंदा घरच्या बांधीत सासूच्या जागी तीच वाकत होती. तिच्या कमरेत कधी कधी अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण ते सांगायचं कोणाला?

जुलै लागला. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या साऱ्या बांध्या पाण्यानं भरल्या, आणि सकाळपासून रोवणीची गाणी ओसरीवर ऐकू येऊ लागली. धुरपताबाई भिंतीला पाठ टेकून ती ऐकायच्या. एखादी बाई चाल चुकली की त्यांचे ओठ हलायचे. रीताला ते दिसायचं. तिचं मन कळवळायचं, पण ती तरी काय करणार होती?

एका मंगळवारी हिमांशू कामावर गेल्यावर सासूच्या गोळ्या संपल्याचं दिसलं, म्हणून रीता तिरोड्याला गेली. दुपारी परतली तेव्हा खाट रिकामी होती, अंगण रिकामं होतं… आणि गावची पोरं सांगत धावत आली, “वहिनी, तुमची सासू बांधीत पडली!”

बायकांनी धुरपताबाईंना खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं होतं. लुगडं चिखलानं माखलेलं, ओठ निळे पडलेले, आणि मुठीत अजून पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, जुडी घट्ट धरलेली! जीपमधून गोंदियाला जाताना रीतानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वाटेत कुठेतरी धुरपताबाईंनी डोळे उघडले आणि तिचं मनगट पकडलं.

“रीता… हिमांशूले सांगू नोको… मी आपल्या मनानं गेली म्हणून सांगू नोको. पोराच्या डोक्यावरची शपथ मोडली मी… त्याले काही झालं तर…”

“नाही सांगत, आई. तुमी बोलू नका.”

“माही शपथ हाय तुले.”

“नाही सांगत म्हटलं ना!”

सासूवर आत तासभर उपचार चालले होते, आणि दिलेल्या शब्दाची किंमत दवाखान्याच्या दारातच तिच्यापुढे उभी राहिली. हिमांशू तिथं पोचला होता, आणि जीपमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ बसून आलेली सुलोचनाबाई त्याला रडत रडत सांगत होती, “आमी नोकोच म्हणत होतो रे बापा! पण तुही मायच म्हणाली, ‘सुनेनंच पाठवलं मले, म्हणाली बसून बसून काय करता, जा.’ मग आमी काय बोलू?”

रीता जागच्या जागी थिजली. ओळीत घ्यावं म्हणून सासू खोटं बोलली होती! आणि ते खोटं आता सगळ्या गावाचं खरं झालं होतं…

हिमांशूनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, फक्त निकाल होता. रीतानं तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, “वाचल्या. पण आता यांना कसलाही धक्का बसता कामा नये. घरात भांडण नको, त्रागा नको.”

रीतानं तोंड मिटलं.

त्यानंतरचे साडेतीन महिने! हिमांशू तिच्या हातचं जेवत होता, पण भिंतीकडे पाहून. काही हवं असलं तर आईला सांगायचा, “माय, पाणी पायजे म्हणून सांग तिले.” बोअरवेलवर बायका तिला पाहून बोलणं थांबवायच्या. एकदा तिरोड्याहून नणंद अल्काताई आली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, “मायले चिखलात घालून मारायले निघाली होती, आन् आता सेवा करून दाखवून राहिली!” रीता तेव्हा सासूच्या पायांना तेल लावत होती. तिचा हात थांबला. धुरपताबाईंनी मान फिरवली.

ती फिरवलेली मान रीताला सगळ्यांत जास्त लागली. तिला वाटायचं, जोरात ओरडावं, ‘सांगा ना! तुमी तरी सांगा!’ रागाच्या भरात ती भांडी आपटायची, परकर पिळताना दात-ओठ खायची, मनात म्हणायची, उद्यापासून मीठ घालते भरपूर, घ्या, खा! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून तेच वेगळं वरण, तीच जिभेखालची गोळी डबीत आहे ना पाहणं, तेच नहराच्या पुलापर्यंत चालणं… दोघी पुलापर्यंत जायच्या आणि यायच्या, वाटेत एक शब्द नाही. अपराधानं कुढणाऱ्या धुरपताबाई तर अधिकच करकर करू लागल्या होत्या. सुनेचा प्रत्येक उपकार त्यांना चटका दिल्यासारखा लागत होता.

दिवाळी झाली. गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, आली. घरोघरी पाहुणे होते, चौकात पाळणे लागले होते, आणि दुपारी ओसरीवर पंगत बसली. अल्काताईनं आईच्या ताटात तळलेले वडे वाढले, वर लोणच्याची मोठी फोड ठेवली. “खा माय, सण हाय आज.”

रीता स्वयंपाकघरातून आली, वाकली आणि तिनं ते ताट उचललं. “ताई, नाही चालत त्यांना. मी वेगळं ठेवलं आहे.”

“ठेव ते ताट!” अल्काताई कडाडली. पाहुण्यांचे हात थांबले. “आदी बांधीत पाठवून मारून राहिली होतीस, ते जमलं नाही, तर आता उपाशी ठेवून मारून राहिली! हिमांशू, तुह्या तोंडाले काय झालं? मी उद्या मायले माह्या घरी घेऊन जातो.”

हिमांशू उठला. त्याचं तोंड लाल झालं होतं. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच तो बायकोशी सरळ बोलला.

“बस झालं. माय कोठं जाणार नाही. तू जा. आपले कपडे भर, आन् आजच जा आपल्या माहेरी!”

रीतानं ताट हळूच खाली ठेवलं. एक थेंबही डोळ्यांतून पडला नाही. तिला उलट सुटल्यासारखं वाटलं… जाते! या वरणातून, या गोळ्यांतून, या मुक्या माणसांतून सुटते! ती आतल्या खोलीत गेली आणि खाटेखालची लोखंडी पेटी ओढण्यासाठी वाकली.

आणि एक किंकाळी घरभर घुमली.

सगळे धावले. रीता जमिनीवर आडवी पडली होती, एक हात पेटीच्या कडीत अडकलेला, तोंड पांढरंफटक. तिला पाय हलवता येत नव्हता.

“नाटक हाय!” अल्काताई म्हणाली.

“नाटक नोहोय ते!”

धुरपताबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. “चाळीस वरीस हेच दुखणं काढलं मी. कंबर अशी धरली की बाईच्या तोंडातून कसा आवाज निघते, ते मले ठाऊक हाय. नाटक मी केलं, अल्का… हिमांशू, ऐक. तिनं नाही पाठवलं मले. ती गावातच नव्हती, माह्या गोळ्या आणाले गेली होती. मी आपल्या मनानं गेली. बायका ओळीत घेत नव्हत्या म्हणून खोटं बोलली मी… तुह्या डोक्यावरची शपथ मोडली, आन् ते तुले कळू नये म्हणून या पोरीच्या तोंडाले कुलूप लावलं! तुमी साऱ्यांनी तिले फाडून खाल्लं, आन् मी पाहत बसली… मी माय नोहोय, मी…”

त्यांचा हात छातीकडे गेला.

“अवो!” जमिनीवरून रीता ओरडली. कळ दाबत, दातांवर दात रोवत ती ओरडली. “त्यांना बसवा आधी! पाठीमागं उशी द्या… फळीवर डबी आहे, जिभेखाली एक गोळी… अवो, लवकर!”

हिमांशूनं तसंच केलं. डबी तिनं सांगितली तिथंच होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, धुरपताबाईंचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. अल्काताई तोंडाला पदर लावून भिंतीशी उभी होती. मग तीच पुढे झाली, खाली बसली आणि तिनं रीताचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

हिमांशू दोघींच्या मधे गुडघ्यांवर बसला. “काऊन नाही सांगतलंस?” तो कसाबसा म्हणाला. “एक वेळ तरी काऊन नाही सांगतलंस मले?”

रीतानं त्याच्याकडे पाहिलं. आता मात्र तिच्या डोळ्यांतून धार लागली.

“तुमी विचारलं का?”

तो उठला आणि जीप आणायला धावला.

डॉक्टरांनी रीताला तीन आठवडे पाठ जमिनीला टेकून पडून राहायला सांगितलं. अल्काताई आठ दिवस राहिली. पहिल्या दिवशी तिच्या हातचं बिनमिठाचं वरण धुरपताबाईंनी वाटीभर प्यायलं आणि पुन्हा मागितलं. तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच सुलोचनाबाईकडे गेल्या, बोअरवेलवरच्या बायकांना गोळा केलं, आणि आपण काय केलं ते सगळं सांगून आल्या. परत येऊन सुनेच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “तोंड दाखवाची लाज वाटत होती, तरी गेली. आता तू बोल मले, पायजे तेवढं बोल.”

“बोलीन,” रीता म्हणाली. “राग गेला नाही माझा, आई.”

“नोको जाऊ देऊस एवढ्यात,” सासू म्हणाली, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

हिमांशू पहाटे पाणी भरून दुकानात जात होता. बोअरवेलवर बायका हसायच्या, तो मान खाली घालून गुंड भरायचा. एका रविवारी दुपारी, घरात दुसरं कोणी नसताना, तो तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसला.

“कधीपासून दुखून राहिलं तुह्यं?” त्यानं विचारलं.

रीता छताकडे पाहत होती. पहिल्यांदा वाटलं, नाही सांगायचं. मग तिनं सांगायला सुरुवात केली… चैत्रापासूनचं सगळं. सांगता सांगता ती चिडली, रडली, एकदा त्याचा हात झटकूनही टाकला. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं, आणि तो उठला नव्हता.