सातवं खोकं गप्प का?

"माझ्या चहात हे काय खुपसताय?"

जेमेली दचकली आणि हातातला पाना पडला. चहाच्या झुडपांच्या वरच्या ओळीत पाठीला टोपली बांधलेला एक उंच तरुण उभा होता, कपाळावर आठ्या... पण डोळ्यांत हसू. किपलागात त्याचं नाव. नांदीच्या टेकड्यांवरचा हा उतार त्याचा आणि त्याच्या आईचा.

"हे थंडी मोजतं," ती म्हणाली. "अशी चाळीस खोकी लावली आहेत. एकमेकांकरवी बिनतारी निरोप खालच्या खांबापर्यंत पोचवतात. दहिवर गोठायच्या आधी तुम्हाला कळेल, झुडपं झाकता येतील."

"मग चेहरा असा का पडलाय?"

त्याचं खरं होतं. बॅटऱ्या फेब्रुवारी संपेपर्यंत पुरायला हव्या होत्या आणि तीन आठवड्यांतच निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. खांबाजवळची खोकी तर सगळ्यांचे निरोप वाहून मरायला टेकली होती. ती बंद पडली की जेमेलीला हे काम देणारी चहा संस्था सगळं उपटून टाकणार आणि तिची रवानगी परत शहरात, एल्डोरेटला.

"किती वेळा बोलतात ही?" त्याने विचारलं.

"दर दहा मिनिटांनी."

"आणि सांगतात काय?"

"बहुतेक वेळा... तेच ते."

"माझी मावशी अशीच आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आम्ही पाच घरं मिळून पानं वजनकाट्यावर पाठवतो. आज मी नेतो, उद्या शेजारी. आणि गाय बरी आहे हे कुणी सांगत बसत नाही. आजारी पडली तरच सांगतो."

जेमेली त्याच्याकडे बघतच राहिली. मग सामान तिथेच टाकून उतारावरून पळत सुटली.

त्या आठवड्यात तिने खोक्यांना नवी शिस्त लावली. पाचांच्या गटातल्या एकानेच निरोप न्यायचे, तेही पाळीपाळीने, आणि बदल झाला तरच बोलायचं. बॅटऱ्या टिकल्या. किपलागात अधूनमधून मुर्सिकचा भोपळा घेऊन यायचा, राखेच्या वासाचं ते आंबट दूध तिच्या पेल्यात ओतायचा, तिची बोटं जरा जास्तच वेळ बघायचा... आणि काहीच न बोलता निघून जायचा. तिला भारी राग यायचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे सगळी खोकी पारा घसरल्याचं सांगू लागली. सातवं मात्र गप्प. ते किपलागातच्या खोलगट शेतातलं, थंडी पहिली उतरायची तिथलं. तेच मेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. जेमेली धापा टाकत चढली.

खोक्यावर ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं.

"परवा गारा पडल्या ना," मागे झुडपं झाकत असलेला किपलागात म्हणाला. "लागेल त्याला, म्हणून..."

"अहो, पातेल्यातून त्याचा आवाज बाहेर येणार कसा?"

तिने पातेलं उचललं. क्षणात हातातला फोन वाजला: सातवं हजर, पाव बॅटरी शिल्लक. गेले दोन दिवस बिचारं आत बोलतच होतं. जेमेली पातेलं घेऊन खोक्याशेजारी बसली. एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"गप्प बसलं की जीव जातो माझा," ती म्हणाली. "आजपासून बदल नसला तरी रोज एकदा 'मी आहे' म्हणायचंच. आणि तुम्हीही."

"मी?"

"येता, दूध देता, जाता. एक शब्द नाही."

त्याने मान खाली घातली. "बदल झाला तरच बोलायचं ना? पहिल्या दिवशी वाटलं, तेच आजही वाटतंय."

"पण पहिली नोंद कुठे पाठवलीत? बदल कशावरून मोजू मी?"

तो पायाखालची पानं सारखी करू लागला.

"ही मुलगी इथून जाऊ नये," तो हळूच म्हणाला. "अशी होती पहिली नोंद."

"पोचली," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "माझीही तीच आहे."

तो पातेलं घ्यायला वाकला. "दे इकडे. आई दोन दिवस शोधतेय."

"राहू दे," जेमेलीने ते काखेत धरलं. "मीच नेऊन देते त्यांना."