रेवा उठेना

"ती बॅग जरा खाली ठेवता का? फिनाइलचा वास येतोय," भानुमती म्हणाली.

सिमरोलच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तरुणानं मांडीवरची काळी बॅग मुकाट्यानं पायाशी ठेवली. "सॉरी हां. तसा वास माझाही येत असेल. सकाळपासून म्हशीच म्हशी..." तो थांबला. "मतलब, मी गुरांचा डॉक्टर आहे."

आता कुठे तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. सावळा, विस्कटलेल्या केसांचा, डोळ्यांत मिश्किल काहीतरी. "सिमरोलचे नवे डॉक्टर शितोळे?"

"चिंतामण शितोळे. का, तक्रार इंदूरपर्यंत पोचली वाटतं?"

"आमची घोडी कालपासून उठत नाहीये," ती म्हणाली. त्याचं हसू मावळलं.

भानुमती इंदूरला परदेशीपुऱ्यातल्या शाळेत शिकवायची. तिचे वडील कृष्णराव होळकरांच्या घोडदळात होते. संस्थान गेलं, मध्यप्रदेश झाला, आणि त्यांनी सिमरोलला थोडी जमीन घेऊन हौसेनं गाई-शेळ्या पाळल्या. रेवा घोडी मात्र इंदूरच्या घरापासूनची. तिच्याच पाठीवर भानुमती लगाम धरायला शिकली होती.

बसमधून उतरून तो थेट भानुमतीबरोबर तबेल्यात आला. चिंतामणनं रेवाचा पुढचा खूर हळूच दाबला. ती अंगभर थरथरली.

"खुराच्या आतलं हाड खाली सरकलंय," तो म्हणाला. "वय पण झालंय. दवा देतो, पण..."

"पण काय?"

"तिला कायमचं झोपवावं लागेल, भानुमतीजी. आज नाही तर थोड्या दिवसांनी."

कृष्णराव तबेल्याच्या दाराशी उभे होते. "फौजेत मी स्वतः गोळ्या घातल्यात," ते म्हणाले. "जखमी घोड्याला आम्ही तडफडू देत नसू. पण हिच्यावर माझा हात चालायचा नाही. भानू, तू ठरव." एवढं बोलून ते हरभऱ्याच्या शेताकडे निघून गेले.

तिनं ठरवलं नाही. शाळेत रजा टाकली.

चिंतामण रोज सायकलवरून येऊ लागला. "थोडं बघू या," तो म्हणायचा. "बघू या," तीही म्हणायची. रेवाची कूस बदलायची, कोरडा पेंढा घालायचा, खुरांवर गार पट्ट्या ठेवायच्या. गूळ चाटवताना दोघांचे हात एकमेकांना लागायचे... आणि मग दोघंही उगाचच रेवाशी बोलू लागायचे.

"डॉक्टर, सायकलची चेन रोज आमच्याच फाटकाशी कशी पडते?"

"दार बघून पडते. समझदार चेन आहे."

तिला हसू यायचं, आणि हसल्याची लगेच लाज वाटायची. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तबेल्यातून फाटकाशी, फाटकापासून पुन्हा तबेल्यात. आपण वाट सायकलच्या घंटीची बघतोय की रेवाच्या उठण्याची, हे तिचं तिलाच कळेना.

मग मावठ आलं, थंडीतला अवकाळी पाऊस. त्या गारठ्यात रेवानं उठायची धडपड केली आणि ती दोन्ही गुडघ्यांवर कोसळली. गुळाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. भानुमती तिचे सोललेले गुडघे पुसत असताना चिंतामण भिजत आला.

"खरं सांगा. हिला थोडं तरी बरं वाटतंय?"

"नाही."

"मग रोज 'बघू या' का म्हणता?"

त्याच्या कॉलरमधून पाणी ठिबकत होतं. "थांबण्यात अर्थ नाही, हे मी केव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ही गेली की मला या दारी यायला कारण उरणार नाही... म्हणून. डॉक्टर म्हणून हे फार वाईट आहे. पण झालंय असं."

भानुमती ताडकन उठली आणि पावसात फाटकापर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तिचा राग त्याच्या एकट्यावरचा उरला नव्हता.

"मलाही दिसत होतं," ती म्हणाली. "तरी मी रोज घंटीकडे कान लावून बसले. आपल्यासाठी ही पडून राहिली, डॉक्टर."

'आपल्यासाठी' हा शब्द त्यानं ऐकला.

"उद्या सकाळी या. आणि त्यानंतर... थोडे दिवस येऊ नका."

सकाळी कृष्णरावांनी स्वतः रेवाची आयाळ विंचरली. भानुमतीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पहिल्या इंजेक्शननं रेवाला गुंगी आली, श्वास संथ झाला. दुसऱ्याच्या वेळी चिंतामणचा हात अडला.

"द्या तिला इंजेक्शन," भानुमती म्हणाली.

शेताच्या कडेला महुआच्या झाडाखाली रेवाला पुरलं. चिंतामण चहालाही थांबला नाही.

त्यानं शब्द पाळला. हरभऱ्याला घाटे धरले, तरी तो फिरकला नाही. भानुमती शाळेत पाढे घ्यायची आणि मध्येच विसरायची. दर शनिवारी सिमरोलला येताना बसमधली प्रत्येक सीट बघायची.

"गाईंना काही होत पण नाही," एकदा कृष्णराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "नाहीतर तुझ्या डॉक्टरला बोलावलं असतं."

"माझा कुठला, आबासाहेब?"

त्यांनी पान उलटलं.

पुढच्या शनिवारी बसमधून उतरून ती सरळ दवाखान्यात गेली. अंगणात एक म्हैस अडली होती. चिंतामणचा हात कोपरापर्यंत आत. तिला पाहून तो दचकला. "कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

"आबासाहेब घरी आहेत. त्यांच्याशी बोलायचं असेल तर आजच या. मला आता वाट बघत बसवत नाही."

म्हशीचा मालक हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. चिंतामणचे कान लाल झाले.

"येतो," तो म्हणाला. "फक्त... हिचं पारडू बाहेर येऊ द्या. मग हात तरी धुऊ द्या."

भानुमतीनं पर्स खुंटीला अडकवली आणि पदर खोचला.

"बादली कुठेय? पाणी मी ओतते."