माझ्या मशीनचा नारळ

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या खांद्यावर नारळांचं पोतं होतं आणि माझ्या हातात रांगोळीची पुडी. मी खाली बसून फरशीवर सराव करत होते, आणि कुणीतरी माझ्या मोराकडे बघून हसतंय एवढंच मला कळलं.

“हसू आलं का?” मी मान वर केली.

“न्हाई... म्हणजे, छान हाय की,” तो म्हणाला. “कासव ना?”

“मोर आहे तो!”

“मोर?” त्याने पोतं खाली ठेवलं, उकिडवा बसला आणि मान तिरकी करून बघत राहिला. “हां... हाय हाय. पावसात भिजून फुगलाय बिचारा.”

मला हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही. बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती, शेडमध्ये झेंडूचे ढीग येऊन पडले होते आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आमची कंपनी सुप्याच्या एमआयडीसीत. खंडेनवमीला सगळ्या मशीन बंद ठेवून आम्ही त्यांची पूजा करतो. जो जी मशीन वर्षभर चालवतो, त्यानेच तिला हार घालायचा आणि तिच्यापुढे नारळ फोडायचा, अशी आमच्याकडची रीत. फक्त माझ्या मशीनला ती लागू नाही. लोखंडाचे गज आत घालायचे आणि गाड्यांचे शाफ्ट बाहेर काढायचे, हे काम मी तीन वर्षं करतेय. तिचं दार मधूनच अडतं आणि गुडघ्याचा हलका धक्का दिला की उघडतं, हेही मीच शोधून काढलंय. पण नवमी आली की शिफ्टचे साहेब रविराज सर अगदी गोड आवाजात म्हणणार, “सृष्टी, बायका नारळ फोडत नसतात गं. तू आपली रांगोळी बघ.” मग कुणीतरी पुरुष माणूस येणार आणि माझा नारळ फोडून जाणार. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. दुसऱ्या वर्षी घरी जाऊन रडले. यंदा रडायचं नाही असं ठरवून आले होते, तरी डोळे ऐकत नव्हते.

“तुम्ही नवीन का?” मी विचारलं.

“व्हय. कल्याण. श्रीगोंद्याकडचा. मेंटेनन्सला आलोय गेल्या आठवड्यात.” त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “उद्या त्या मशीनचा नारळ मला फोडायला सांगितलाय. कुणाची हाय ती?”

“माझी.”

तो गडबडला. एकदा मशीनकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, “मग तुमचा नारळ मी का फोडायचा?”

इतका साधा प्रश्न! मला तो आजवर कुणी विचारला नव्हता.

“तुम्हाला मिशा आहेत ना, म्हणून.”

त्याने ओठावरून बोट फिरवलं. “ह्याला मिशा म्हणणाऱ्या तुमी पयल्याच.”

या वेळी मात्र मला हसू आवरलं नाही. त्याने माझ्या हातातली पुडी घेतली, तळव्याने माझा मोर पुसला आणि चिमटीतून रेघ सोडली. ती रेघ वळली, तिला मान आली, तुरा आला... मी बघतच राहिले.

“कुठे शिकलात हो?”

“घरीच. आमी तिघं भाऊ, बहीण न्हाई. आईचे गुडघे दुखायचे, मग दारातली रांगोळी माझ्याकडं. दहावीत हुतो तवा पोरं ‘कल्याणी’ म्हणून चिडवायला लागली...” त्याने बोटं झटकली. “मग सोडली.”

पुडी मला परत देत तो हळूच म्हणाला, “उद्या तुमच्या मशीनपुढं मी रांगोळी काढतो. नारळ तुमी फोडा.”

“आणि सरांना काय सांगायचं?”

“सांगू की...”

ते ‘सांगू की’ मनात घोळवत मी स्कूटीवरून घरी आले. आईला विचारलं, “नारळ कसा फोडतात गं?” वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई म्हणाली, “लागला तर शेजारच्या आदिनाथला हाक मारू.” कसा फोडतात ते तिलाही माहीत नव्हतं.

सकाळी आईची जांभळी साडी नेसून गेले, खाली सेफ्टी शूज. कल्याण सगळ्यांच्या आधी येऊन गेला असणार. माझ्या मशीनपुढे निळा-हिरवा मोर पिसारा पसरून बसला होता.

“साडी छान हाय,” मागून आवाज आला. मग जरा थांबून, “बूट त्याहून छान हायेत.”

माझे कान गरम झाले.

पूजा एकेक मशीन करत आमच्या कोपऱ्यात आली. मोर बघून रविराज सर थबकलेच. “वा, सृष्टी! बघा रे, बाईच्या हातातच असतं हे. पुरुषाला जन्मात जमायचं नाही!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कल्याणकडे बघितलं. तो नारळ हातात घेऊन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याच्या कानात कोणती हाक घुमत असेल ते मला कळत होतं. कळत होतं, तरी राग आला. कालचं ‘सांगू की’ कुठे गेलं?

“सर, मी नाही काढली,” मी म्हणाले.

“मग कुणी काढली?”

त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण ते त्यानेच घ्यायला हवं होतं...

“मी काढली, सर.”

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. “मग साडीपण नेसायची की रे!”

कल्याण लाललाल झाला. पण मान वर करून म्हणाला, “नेसलो असतो. निऱ्या जमत न्हाईत.”

आता सगळेच हसले, आणि ते हसणं वेगळं होतं. माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे, मी पुढे होऊन हात पसरला. त्याने नारळ माझ्या हातात ठेवला.

“अगं सृष्टी, रीत...” सर म्हणाले.

“रीत हीच ना सर, जो मशीन चालवतो त्याने फोडायचा? मग ही कोण चालवतं?”

सर इकडेतिकडे बघू लागले. पॅकिंगमधली मोनिका मोठ्याने म्हणाली, “सृष्टीच चालवते!” आणखी दोघेतिघे “व्हय व्हय” म्हणाले. सरांनी मान खाजवली. “फोड बाई.”

पहिला घाव फुकट गेला, नारळ नुसता टणकन वाजला. दुसऱ्या घावाला तीन वर्षांचा राग हातात उतरला. नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी सरांच्या पँटवर आणि मोराच्या पिसाऱ्यावर उडालं.

प्रसाद वाटून झाल्यावर आम्ही दोघं शेडच्या दारात खोबरं खात उभे होतो. पाऊस भुरभुरतच होता.

“मोर भिजला तुमचा,” मी म्हणाले.

“भिजू द्या. दिवाळीला दुसरा काढीन. पण... कुठं काढू? गावाकडं आता वहिनी काढतात.” तो पावसाकडे बघत होता. “तुमच्या दारात कोण काढतं?”

“मी. कासवं.”

“मग लई अडचण हाय तुमची.”

“कल्याण, सरळ बोला ना.”

“भ्या वाटतंय.”

“मघाशी एवढ्या लोकांत बोललात की!”

“ते सोपं हुतं...” त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “मला तुमी आवडता. रांगोळी मी काढत जाईन, नारळ तुमी फोडायचा. चालंल?”

मी हातातला खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याला दिला. “चालेल.”

लक्ष्मीपूजनाला तो आमच्या दारात मोर काढत बसला होता. आईने त्याला नीट न्याहाळलं, चहा दिला, आणि नारळ घेऊन सवयीने आदिनाथला हाक मारायला निघाली. मी तिला अडवून हात पुढे केला. तिने नारळ दिला नाही. तशीच उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, “कुठं मारायचं ते मला सांग.”

“आई, मोर भिजंल...” कल्याणच्या तोंडून निघून गेलं.

“भिजू दे,” आई नारळ उचलत म्हणाली. “उद्या परत काढशील की.”