एक फेक, एक पाऊल

लोरन नदीवर सॅमन माशांचा हंगाम फेब्रुवारीत उघडतो आणि पहिली माशी पाण्यात पडते ती पाद्र्याच्या डोहात. गळाला पिसांनी हातानं बांधलेली नकली माशी. ती टाकायचा मान उनाच्या माहेरचा. तीन पिढ्या हा मान बाप्यांनी मिरवला. चौथ्या पिढीत मुलगा झाला नाही, तेव्हा उनानं कुणाला विचारलंसुद्धा नाही. छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, आजोबांची पंधरा फुटी गळाची काठी खांद्यावर टाकली आणि सरळ पाण्यात शिरली. पुलावरच्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. त्यांच्यातल्या एकालाही तिच्यासारखी दोरी फेकता येत नव्हती.

यंदा उना नव्हती. गेल्या सप्टेंबरात त्याच डोहात ती बुडाली. म्हणून तिच्या नवऱ्यानं, टॉर्किलनं, इशबेलला फोन केला. "तिच्या जागी तू ये. चाळीस वर्षं बरोबर उभ्या होतात पाण्यात. दुसरं कोण आहे?"

इशबेल "येते" म्हणाली. गाडीत विजार टाकली, टेकायचा सोटा टाकला, व्हिस्कीची चपटी बाटली घेतली आणि सकाळीच निघाली. दोन तासांचा रस्ता. आज टॉर्किलला सगळं सांगायचंच, असं ती स्वतःला प्रत्येक वळणावर बजावत होती.

नदीकाठच्या लाकडी खोपीत टॉर्किल शेगडीवर जव-मटणाचं सूप ढवळत बसला होता. खुब्यानं दगा दिल्यापासून तो पाण्यात उतरत नसे. पाच महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"आलीस? वाटलं, तुझी ती डबडी घाटातच बसली."

"डबडं असेल तुझं तोंड. गाडी ठणठणीत आहे."

तो हसला आणि लगेच हसू आवरलं, घरात कुणी झोपलेलं असावं तसं. कोपऱ्यात उनाची काठी उभी होती. त्या काठीकडे न बघता तो म्हणाला, "बारापर्यंत डोहात कुणी उतरायचं नाही, असं पुलावरच्या मंडळींना सांगितलंय. तू एकटीच."

"बरं."

"इशबेल..." चमचा थांबला. "तिला तिथला दगड न् दगड पाठ होता गं. लहानपणापासून. मग पाय कसा घसरेल? गावात बोलतात. माझ्यासमोर नाही, पण बोलतात. त्या आठवड्यात आमचं वाजलं होतं. घर विकू म्हणून मीच तिच्या मागं लागलो होतो. ती म्हणाली होती, ही नदी सोडून मी जाणार नाही. तिनं स्वतःच तर..."

"तसं नको रे बोलू."

"मग कसं? तू होतीस ना तिथं. तूच सांग."

आता सांग, असं तिच्या आतून कुणी तरी म्हणालं. ती मात्र उठली, काठी उचलली आणि म्हणाली, "आधी मान उरकून येते."

भित्री होती का ती? आयुष्यात कुणाला भ्यायली नव्हती. मात्र सप्टेंबरात पोलिसांनी विचारलं तेव्हा "धुकं होतं, मला दिसलं नाही" एवढंच बोलली होती. धुकं होतं हे खरं. दिसलं नाही, हे खोटं.

सॅमनच्या नदीवर एक रीत आहे. दोघं एका डोहात उतरले, की पुढच्यानं वरून सुरुवात करायची. माशी पलीकडं फेकायची, प्रवाहात वाहू द्यायची, दोरी गोळा करायची आणि प्रवाहाच्या दिशेनं एक पाऊल खाली सरकायचं. परत फेक, परत पाऊल. पुढचा वीस पावलं गेला की मागच्यानं उतरायचं. पुढच्यानं रेंगाळायचं नाही. मागचा गार पाण्यात ताटकळतो, कारण पुढचा सरकल्याशिवाय त्याला सरकता येत नाही. आणि दुसरी रीत अशी की पाहुणा पुढं, घरचा मागं. अजून कुणाची माशी न पडलेलं, न धुतलेलं पाणी पाहुण्याला द्यायचं.

म्हणून चाळीस वर्षं इशबेल पुढं आणि उना मागं. आणि चाळीस वर्षं मासा लागायचा तो मागच्या उनाला.

"तू माश्या धुऊन घे," उना ओरडायची, "मासे मी धरते!"

सप्टेंबरात इशबेलनं हट्ट धरला. "आज तू पुढं हो. मला बघू दे, मागं काय जादू आहे ती."

"पाहुणी आहेस तू."

"चाळीस वर्षं पाहुणीच का? हो पुढं."

उना गेली पुढं. पंधरवड्यापूर्वी पूर येऊन गेला होता. डोहाच्या मध्यावर, दुभंगलेल्या खडकासमोर, उना थांबली. फेक नाही, पाऊल नाही. धुक्यात तिची पाठ दिसत होती. तिनं डावा हात वर केला. "थांब जरा..." म्हणाली. वीस पावलांवर इशबेल कमरेएवढ्या पाण्यात काकडत होती, चेष्टेच्या लहरीत होती. तिनं हाक मारली, "अगं, मुळं फुटतील तुला तिथं! सर पुढं!"

उना हसली. मागच्याला ताटकळत ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं, त्यातून ही पाहुणी. तिनं पाऊल टाकलं.

हे इशबेलनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

आज पाण्यावर तसंच धुकं होतं, दुधाच्या सायीसारखं. अकरा वाजले असतील, पण उजेड राखेच्या रंगाचा. डोहाच्या वरच्या तोंडाशी उभी राहून तिनं रिवाजाप्रमाणे व्हिस्की पाण्यात ओतली.  पाण्यात शिरली. गारठ्यानं पोटऱ्या आवळल्या. उनाची काठी हातात जड होती, मुठीवरचं बुचाचं आवरण उनाच्या बोटांनी झिजून खोलगट झालेलं. इशबेलची बोटं त्या खळग्यांत बसेनात.

फेक. पाऊल. फेक. पाऊल.

वाहत्या पाण्याला एक घोगरा आवाज असतो, तो कानात भरला की बाकी जग बंद होतं. विसाव्या पावलापर्यंत तिला त्या आवाजाखेरीज काही ऐकू आलं नाही.

एकविसाव्याला मागून आलं. सूं... टप्.

दोरी हवेतून जाते तेव्हा सूं होतं आणि माशी पाण्याला टेकते तेव्हा अगदी बारीक टप्. पुलावरचा कुणी आगाऊ उतरलेला दिसतो, असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं नाही. छातीवर प्रवाह घेऊन वळायचं नसतं, पाय उपटतात. तिनं फेकलं आणि पाऊल टाकलं. मागं गोटे कुरकुरले. पाऊल. मग सूं... टप्.

तिच्या फेकीनंतर बरोबर एक श्वास सोडून. पुढच्याची दोरी आडवी येऊ नये म्हणून तेवढी सवड देणारं या नदीवर एकच माणूस होतं.

वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी वास आला. ओलं मेणकापड आणि पेपरमिंट. उनाच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, धुतलेल्या विजारीतसुद्धा चिकटलेल्या सापडायच्या.

"उना...?" इशबेल पुटपुटली.

 सूं... टप्.

भीती वाटली का? वाटली.  पण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते भीतीनं नव्हतं. मागं घरचं माणूस आहे, आपण पाहुणी आहोत, सगळं जागच्या जागी आहे. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला पाठीमागं ऊब वाटली. अशीच पावलं टाकत राहावं, डोह संपूच नये, असं झालं.

दुभंगलेला खडक समोर आला.

इशबेल थांबली. मागचे गोटे कुरकुरायचे थांबले.

तिनं सोटा पुढं रोवला. तो खाली गेला, गेला, मूठ पाण्याला लागली तरी तळ लागला नाही. पुरानं गोट्यांचा पट्टाच कापून नेला होता. तिच्या पायांच्या अंगठ्यांपुढं काही नव्हतं. म्हणजे उनानंही असंच चाचपलं होतं. तिला कळलं होतं. म्हणून हात वर केला होता.

आता मागून हाक येईल, इशबेलला वाटलं. सर पुढं, म्हणेल. म्हणायचा हक्क आहे तिचा. तिनं डोळे मिटले, आणि खरं सांगायचं तर हाक आली असती तर तिनं पाऊल टाकलं असतं.

हाक आली नाही.

पाणी वाहत राहिलं. पाय बधिर झाले. मागं कुणी तरी नाकानं हळू श्वास घेत होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. हवा तेवढा वेळ घे, असं. इशबेलनं जे दहा श्वास दिले नव्हते ते उना तिला देत होती. शंभर, दोनशे.

"माफ कर गं..." इशबेल हुंदक्यात म्हणाली. "माफ कर मला..."

"इशबेल!" काठावरून टॉर्किल ओरडला. कुबडीवर रेलून तो खोपीबाहेर आला होता. "ती मागं कोण घुसलीय? बारापर्यंत कुणी नाही म्हणून बजावलं होतं मी!"

ती सोटा टेकत, एकेक पाय आडवा सरकवत काठाला लागली. मगच वळून बघायचा धीर केला.

डोह रिकामा होता.

"आत्ता होती," टॉर्किल म्हणाला. "बाईमाणूस. गेली कुठं?"

तिनं त्याचा हात धरला आणि तिथंच, ओल्या गवतात उभी राहून सगळं सांगितलं. हट्ट, वर केलेला हात, स्वतःची हाक. एक शब्द गाळला नाही. टॉर्किल ऐकत होता.

"म्हणजे ती स्वतःहून नाही गेली."

"नाही रे. माझ्यासाठी गेली. मी ताटकळू नये म्हणून."

"पाच महिने..." तो म्हणाला. "पाच महिने मी रोज तिची माफी मागतोय, इशबेल. तिच्या उशीपाशी. आणि तू गप्प होतीस?"

 त्यानं हात सोडवून घेतला. लहान मुलासारखा मोठ्यानं रडला. मग बाहीनं तोंड पुसलं आणि खोपीकडं चालू लागला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "चल. सूप गार होतंय."

खोप प्रवाहाच्या खालच्या अंगाला होती. इशबेल निघाली. एक पाऊल टाकलं.

सूं... टप्.

तिनं नदीकडं पाहिलं. दुभंगलेल्या खडकाच्या वीसेक पावलं वर, मोकळ्या प्रवाहात, पाणी दोन जागी दुभंगत होतं. पाण्यात उभ्या माणसाच्या दोन पायांभोवती दुभंगतं तसं, प्रत्येकाच्या खाली फेसाची एक बारीक रेघ. वर काही नाही. नुसतं धुकं.

तिनं आणखी एक पाऊल टाकलं. गोटे कुरकुरले. दोन्ही रेघा एक पाऊल खाली आल्या.

इशबेल जागीच खिळली. रेघाही थांबल्या. ती उभी राहिली, तर उना त्या बर्फासारख्या पाण्यात ताटकळत उभी. ती चालली, तर पावलागणिक उना तो पुरानं कापलेला गोट्यांचा काठ जवळ करणार. एकोणीस पावलं उरली होती. खोप होती चाळीस पावलांवर.

"अगं, मुळं फुटली का तुला?" दारातून टॉर्किल ओरडला. "सर पुढं!"

इशबेलनं डावा हात वर केला.

"थांब जरा..."