लाल वायरची नाडी

वेन्डेल सुरेट खुर्चीत बसल्या बसल्या मेला होता.

मर्लीन कोमोला ते नऊ नंबरच्या ट्रेलरच्या दारातूनच कळलं. सकाळचे सात वाजले होते. त्याचे गाल गुलाबी दिसत होते, जिवंतपणी कधी नव्हते इतके. पायाशी रमची रिकामी बाटली पडली होती. कोपऱ्यातला गॅसचा हीटर थंडगार होता.

ती किंचाळली नाही. दार सताड उघडं टाकून बाहेर आली आणि धुक्यात जोरात हाक मारली.

आधी धावत आला तो म्हातारा हेक्टर बुटिलिये, पार्कचा रखवालदार. त्याच्यामागून डॅरेल मॅकआस्किल. तो दारापाशी आला, पायरीवरून उडी मारून आत शिरला आणि वेन्डेलचे खांदे धरून हलवू लागला.

"ऊठ ना रे, गाढवा! ऊठ!"

बाहेर तापमान उणे सहा होतं. डॅरेलच्या टकलावर बर्फाचे कण चमकत होते.

सीगल कोर्ट या ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, सात वर्षांपासून टीव्हीच्या विनोदी मालिकेचं शूटिंग चाले. नऊ नंबरच्या ट्रेलरमध्ये राहणारे दोन भुरटे चोर लॉबस्टरचे सापळे पळवतात, तांब्याच्या तारा कापतात आणि दर भागात पकडले जातात. ते दोघे म्हणजे वेन्डेल आणि डॅरेल. दोघेही याच पार्कात वाढलेले. डॅरेलची नारिंगी लोकरी टोपी आणि दारापुढची सिमेंटची पायरी न शिवता उडी मारून आत जायची त्याची सवय कॅनडाच्या सगळ्या नोव्हा स्कोशिया प्रांतात प्रसिद्ध होती. शाळेतली पोरं तशा उड्या मारत.

मालिकेत मर्लीनचं काम नोंदी ठेवण्याचं. कुठल्या हातात बाटली होती, कुठलं बटण उघडं होतं, कोण नेमकं काय बोललं. तिच्या वहीत सगळं असे, फोटोंसकट.

सार्जंट बर्निस डूसेट आली तेव्हा ट्रेलरमागून डॅरेलचाच आवाज आला.

"इकडे बघा! धुराचा पाइप बर्फानं बुजलाय!"

खरंच पाइपच्या तोंडात बर्फ घट्ट बसला होता. सार्जंटने हेक्टरकडे पाहिलं.

"हीटर कोणी बसवला?"

"मी." हेक्टर म्हणाला.

"पाइपवर टोपण का नाही?"

"होतं. मागच्या वादळात उडालं. नवीन बसवणारच होतो."

"धुराचा इशारा देणारं यंत्र?"

"ते... त्यातली बॅटरी हे दोघे मालिकेत चोरतात ना, बाई. ते नुसतं शोभेचं टांगलंय."

"म्हणजे हीटरचा विषारी वायू आत कोंडला, गाल त्यानंच गुलाबी झालेत, आणि सांगणारं कुणी नाही." तिने वही मिटली. "हेक्टर, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. निष्काळजीपणानं माणूस गेलाय."

म्हाताऱ्याने मर्लीनकडे पाहिलं. "पोरी, त्या मुलाला मी सायकल शिकवली गं."

 मर्लीन एकटीच ट्रेलरच्या मागे गेली. काल वारा समुद्राकडून होता. पुढच्या बाजूला गुडघाभर बर्फ साचला होता. मागची भिंत आडोशाला होती. तिथे वीतभर जमीनसुद्धा पांढरी झाली नव्हती. तपकिरी गवत, कडक आणि कोरडं. पाइपखाली ना ओल, ना बर्फाची एखादी सुई.

तिने फोटो काढला.

"सार्जंट, एक विचारू?" ती परत येऊन म्हणाली. "हीटर चालू असताना हा पाइप किती तापतो?"

"हात लावला तर फोड येईल."

"मग बर्फ टिकला कसा?"

सार्जंटने मिटलेली वही पुन्हा उघडली.

"मला दोन तास द्या," मर्लीन म्हणाली. "तोवर हेक्टरला नेऊ नका."

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. पण कालपासून आजपर्यंत इथे काय बदललं ते मला दिसतं. पगार त्याचाच घेते."

ती चौदा नंबरला गेली. तिथे वेन्डेलची आई एथेल राहायची, वय एकोणऐंशी. बातमी पोचली होती. म्हातारी टेबलाशी बसली होती. कुणीतरी ठेवलेला चहा समोर गार झाला होता.

"काल संध्याकाळी आला होता," ती म्हणाली. "सहाच्या सुमाराला. जेवला नाही. क्लेटनचंच विचारत बसला."

क्लेटन हा तिचा थोरला. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरातून गेला तो गेलाच. पश्चिमेला तेलाच्या कामावर गेला असणार, असं सगळे म्हणत. पत्र कधी आलं नाही.

"काय विचारलं?"

"शेवटच्या दिवशी त्याच्या पायात काय होतं. मी म्हटलं, तुलाच ठाऊक नाही का? दुपारी मस्ती करताना तूच त्याच्या बुटाची नाडी तोडलीस. मग त्याने लाल वायर ओवली आणि दिवेलागणीला बाहेर पडला. तसा तो फक्त आम्हा दोघांना दिसला."

मर्लीनने वहीत कालचं पान काढलं.

"आणि डॅरेल? तो तर क्लेटनचा जिवलग होता ना?"

"तो कुठला इथे! तो आठवडाभर मंक्टनला मामाकडे होता. परत आला तेव्हा माझ्याइतकाच रडला बिचारा."

दुपारी बारा वाजता पार्कच्या कपडे धुण्याच्या खोलीत चौघे जमले. सार्जंट, हेक्टर, डॅरेल आणि मर्लीन. एका यंत्रात कुणाच्या तरी चादरी गरगरत होत्या.

"हे काय नवीन नाटक?" डॅरेल म्हणाला. "माझा भावासारखा दोस्त गेलाय, मर्लीन. मला घरी जाऊ दे."

"काल संध्याकाळी वेन्डेलने तुला बोलावलं होतं?"

"हो. दोन घोट घेतले. आठला निघालो."

"कशाबद्दल बोललात?"

"जुन्या गोष्टी. पोरवयातल्या."

मर्लीनने वही उघडली. "काल चार वाजून दहा मिनिटं. सीन दोघांच्या भांडणाचा. तुझं वाक्य होतं, 'तू कसला चोर, तुला धड पळता येत नाही.' पुढचं तू पदरचं जोडलंस. 'तुझ्यासारखे बुटाला लाल वायरची नाडी बांधून पळतात आणि तोंडावर आपटतात.' सगळे हसले. वेन्डेल सीन सोडून उठला. माझ्याकडे आला आणि म्हणाला, हे जसंच्या तसं लिहून घे, वेळेसकट."

"मग? विनोद होता तो."

"ती वायर बावीस वर्षांपूर्वी क्लेटनच्या बुटात होती. त्या एका संध्याकाळपुरती. तू मंक्टनला होतास, मग तुला ती कुठे दिसली?"

डॅरेल हसला. त्याचं टीव्हीवरचं हसू. "वेन्डेलनेच कधीतरी सांगितलं असेल."

"त्याने सांगितलं असतं, तर काल ते ऐकून तो पांढराफटक पडला नसता."

यंत्र थांबलं. 

"तुझी टोपी कुठाय?" मर्लीनने विचारलं.

"हरवली."

"काल साडेपाचला डोक्यावर होती, फोटो आहे. उन्हाळ्यातसुद्धा तू ती काढत नाहीस. आज उणे सहामध्ये बोडक्याने आलास." ती सार्जंटकडे वळली. "पाइपमधला बर्फ वादळाने भरलेला नाही. त्या भिंतीला बर्फ लागलाच नव्हता. आणि हीटर चालू असताना तो बसला असता तर वितळून ठिबकला असता, खाली गोठला असता. खालचं गवत कोरडं आहे. म्हणजे गॅस संपून पाइप गार झाल्यावर कुणीतरी तो हाताने कोंबला. रात्री तिथे दुसरं काहीतरी होतं. न वितळणारं. ते सकाळी काढून घेतलं, जागी बर्फ भरला, आणि सगळ्यांच्या आधी आम्हाला दाखवलाही."

दार वाजलं. सार्जंटच्या हाताखालचा शिपाई आत आला. त्याच्या हातातल्या पारदर्शक पिशवीत नारिंगी लोकरीची टोपी होती, मधोमध तपकिरी करपलेली.

"तुम्ही सांगितलंत तशी याची गाडी तपासली. जादा चाकाखाली मिळाली," तो म्हणाला.

हेक्टर भिंतीला टेकला. "डॅरेल... अरे, काय केलंस रे हे?"

"क्लेटन कुठे आहे?" सार्जंटने विचारलं.

डॅरेलने पिशवीवरून नजर काढली.

"ते मी सांगते," मर्लीन म्हणाली.  "सात वर्षांच्या, अगदी कालपर्यंतच्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत. डॅरेल त्या ट्रेलरच्या छपरावर चढलाय, खिडकीतून पडलाय, चिखलात लोळलाय. पण दारापुढच्या पायरीवर त्याचा पाय एकदाही पडलेला नाही. आम्हाला वाटलं, गंमत करतो. आज सकाळी आत वेन्डेल मरून पडला होता, कॅमेरा नव्हता, हसायला कुणी नव्हतं. तरी त्याने उडीच मारली. हेक्टर, ती पायरी कधी ओतली?"

म्हाताऱ्याने बोटं मोजली नाहीत. त्याला आठवायला वेळच लागला नाही.

"क्लेटन गेला त्याच आठवड्यात. मी साचा लावून ठेवला होता. सकाळी बघतो तर ओतून तयार. मला वाटलं, पोरांनी मदत केली."

डॅरेलने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मंक्टनहून मी एक दिवस आधीच आलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आम्ही गोदीवरून तांब्याची तार उचलली. पहारेकऱ्याने पाहिलं, क्लेटनने त्याला ढकललं, त्याचा पाय मोडला. क्लेटन म्हणाला, मी पोलिसांत जातो आणि सगळं सांगतो. मी त्याला अडवलं. तो मागे पडला, गाडीच्या लोखंडी आकड्यावर. बस. एवढंच झालं."

"आणि वेन्डेल?"

"तो म्हणाला, तू त्या पायरीवर पाय का ठेवत नाहीस ते आता कळलं, उद्या ती फोडायला लावतो. मी त्याला पाजत बसलो. मला वाटलं, झोपल्यावर विसरेल." त्याचे हात खाली आले. "मग वाटलं, नाही विसरणार."

सार्जंटने त्याला उठवलं. जाताना तो हेक्टरच्या समोर क्षणभर उभा राहिला. हेक्टरने तोंड फिरवलं.

पायरी फोडायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ लागला. पार्कातले सगळे लांब उभे होते. बुटाचं चामडं सडलं होतं. वायर तशीच लाल होती.

मालिका बंद झाली. जमीन गोठलेली असल्यामुळे दोघांना एप्रिलपर्यंत पुरता आलं नाही. दफनाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि माणसांनी जवळच्या पेटीला हात घातला.

एथेलने काठी आडवी धरली.

"ती नाही," ती म्हणाली. "क्लेटन थोरला. आधी त्याला."