धरलेली खुर्ची

ह्यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायला डोकं ताजं लागतं, आणि माझं डोकं गेल्या हिवाळ्यापासून शिळं झालंय.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हवं तर इथेच थांबावं. आमच्याकडे जे झालं ते भर दिवसा झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, समोरच्या गॅलरीत कोणीतरी गालिचा झटकत होतं, आणि तरी झालं.

आधी ह्यांच्याबद्दल सांगते.

आमचे हे छापखान्यात मशीनवर होते. आयुष्यभर शाईचा वास घेतला, आता फुप्फुसं त्याचा हिशेब मागतात. आडवं झालं की श्वास अडकतो. डॉक्टर म्हणाले, "बसून झोपायचं." सांगणाऱ्याचं काय जातं? मी पाठीला उशा लावायची. हे थोड्या वेळाने घसरायचे. मग खोकला. मग मी उठून, बगलेत हात घालून ह्यांना वर ओढायची, पुन्हा उशा लावायची.

"अगं, झोप तू," हे म्हणायचे.

"झोपतेच आहे," मी म्हणायची.

दोघंही खोटं बोलायचो.

ह्यांना एक चांगली खुर्ची हवी होती. उंच पाठीची, मागे रेलणारी, पाय ठेवायला खालून फळी बाहेर येणारी. नव्या खुर्चीची किंमत दुकानात विचारली, तेव्हा मलाच धाप लागली.

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. बस डेपोच्या मागे एक जुन्या सामानाचं दुकान आहे. दुकान कसलं, गोदामच. रिकाम्या झालेल्या घरांचं सामान दर गुरुवारी तिथे येऊन पडतं. त्या ढिगातून चांगलं ते हुडकायचं, घासूनपुसून फोनवर फोटो टाकायचे आणि विकायचं. लोकांना कप दिसतो, आम्हाला कपाचं बूड दिसतं. उलटी केल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम चिंधीचा.

एखादी वस्तू आवडली, पण लगेच नेता येत नाही, तर तिला आपली चिंधी बांधायची. माझी हिरवी, जुन्या पडद्याची. बरणीकाकांची लाल. हे काका फक्त काचेच्या बरण्या घेतात, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तरी घेतात. चिंधी बांधली की वस्तू धरली. दुकान बंद व्हायच्या आत येऊन न्यायची. तोवर तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आणि चिंधी तर कधीच सोडायची नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची.

आम्ही एकमेकांच्या नाकाखालून सोन्यासारखा माल पळवू, पण हा नियम कोणी मोडत नाही.

त्या गुरुवारी मी दुपारी दुकानात गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. त्यातच सकाळी ह्यांना वर ओढताना पाठ धरली होती. माझ्या मेलीच्या नशिबी आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

आणि कपाटांच्या मागे मला ती दिसली.

खुर्ची. तपकिरी कापडाची, हातांवर झिजलेली, पण लाकूड खणखणीत. मी दांडा ओढला. खट्ट... खालून पायाची फळी बाहेर आली.

मी बसले. सहज बघायला म्हणून बसले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "हुश्श."

मला झोप लागली. भर दुकानात, हातात पिशवी तशीच.

"उठता का?"

कोणीतरी अगदी कानाशी बोललं. बाईचा आवाज. रागावलेला नाही. नुसता दमलेला...

"मी धरलीय ती."

मी दचकून उठले. आजूबाजूला कोणी नव्हतं. लांब बरणीकाका एका बरणीचं झाकण फिरवत उभे होते.

"काका, आत्ता इथे कोण बाई होती?"

"बाई? वहिनी, तुम्ही घोरत होता. मी म्हटलं झोपू दे बिचारीला."

स्वप्न पडलं असेल, म्हटलं. तरी खात्री केली. खुर्चीचे हात पाहिले, पाठ पाहिली. चिंधी कुठेच नव्हती. मी माझी हिरवी चिंधी बांधली.

फक्त खुर्ची उलटी केली नाही.

पंचवीस वर्षांत मी साधी बशीसुद्धा उलटी केल्याशिवाय घेतली नाही. पण त्या दिवशी पाठ धरलेली. वाकवेचना.

संध्याकाळी टेम्पोवाल्याने खुर्ची वर चढवून दिली. हे बसले, मी दांडा ओढला, आणि हे माझ्याशी बोलता बोलता झोपले. खोकला नाही, घरघर नाही. मी सकाळपर्यंत एकदाही उठले नाही. उठल्यावर आधी रडले आणि मग चहा टाकला.

असे काही दिवस गेले. चांगले गेले. ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात कप घासत होते. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला.

"नाही, अजून नाही झालं."

मी हात पुसत बाहेर आले. "काय नाही झालं?"

"तूच विचारलंस ना? झालं का तुमचं, म्हणून."

मी काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे न्हाणीघरात होते. मी जमिनीवर बसून पितळेचा दिवा घासत होते. खोलीत मी एकटी. खुर्ची माझ्या पाठीमागे.

आधी पावलं ऐकू आली. चपला ओढत चालल्यासारखी.

मग जड पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.

मग...

खट्ट.

"हुश्श."

मी वळले नाही. खरं सांगते, मान वळेचना. न्हाणीघराची कडी वाजली तेव्हा कुठे जिवात जीव आला. मागे बघितलं तर पायाची फळी बाहेर आलेली. खुर्ची रिकामी. मी बसायच्या जागेवर हात ठेवला...

गरम होती.

हे बाहेर आले, खुर्चीकडे बघून हसले. "बसली होतीस वाटतं? बस गं, तूही दमतेस."

मी म्हटलं, "तुम्हाला ह्या खुर्चीत काही जाणवतं का हो?"

हे खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "मला वाटायचं तूच आहेस. तूच अशी हुश्श करतेस. पण काल डोळे उघडले तर तू स्वयंपाकघरात होतीस, आणि ती इथे समोर उभी होती."

"ती कोण?"

"चेहरा नाही दिसला. वाट बघत होती, एवढं कळलं. अगं, बसमध्ये कोणी आपली सीट सुटायची वाट बघतं ना, तशी. एवढंच विचारते. झालं का तुमचं?"

माझी पाचावर धारण बसली. हे मात्र अगदी शांतपणे सांगत होते. मला त्या बाईपेक्षा त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दीर ह्यांना दवाखान्यात घेऊन गेले. जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी मी खुर्ची आडवी पाडली. पाठीतून कळ आली, तरी पाडली.

मागच्या पायाला, आतल्या बाजूला, एक चिंधी होती.

निळी. पांढऱ्या ठिपक्यांची. कापड इतकं जुनं की बोट लावलं तर विरेल. गाठ मात्र घट्ट. ज्या बाईने ती बांधली तिला वस्तूंची पारख होती. तिने खुर्ची उलटी करून पाहिली होती, आणि जिथे पाहिलं तिथेच बांधली होती.

मी ती सोडली नाही. आमच्यात सोडत नाहीत.

तशीच दुकानात गेले. शेठ म्हणजे दुकानवाले. सगळे त्यांना शेठ म्हणतात, स्वेटरला कोपरावर भोक आहे. मी म्हटलं, "शेठ, निळी चिंधी कोणाची? पांढरे ठिपके."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"तुम्ही यायला लागायच्या आधीची गोष्ट आहे. इस्पितळात आया होती. दिवसभर उभं राहून काम, आणि सुट्टीला इथे यायची. एकदा खुर्ची धरली. म्हणाली, शेठ, आयुष्यभर दुसऱ्यांना उठवलं आणि बसवलं, आता मी बसणार. संध्याकाळी टेम्पो घेऊन येते."

"मग?"

"मग काय? त्या संध्याकाळी मी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवलं. आली नाही. नंतर कानावर आलं, ड्युटीवरच गेली. उभ्या उभ्या."

"आणि खुर्ची?"

"विकली हो. जाते, परत येते. घर रिकामं झालं की सामान येतंच इथे."

"घर रिकामं झालं म्हणजे?"

शेठनी माझ्याकडे बघितलं नाही. "आता वयस्कर माणसंच घेतात अशा खुर्च्या, वहिनी. त्यात काय नवल?"

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगणार? मला वाटलं, तिची चिंधी केव्हाच गळून पडली असेल. मी काय खुर्ची उलटी करून बघतो?"

घरी आले तर दिरांनी खुर्ची उभी करून ठेवलेली, आणि हे पुन्हा तिच्यात. मी सगळं सांगितलं. म्हटलं, खुर्ची ठेवली तर ती बाई, खुर्ची घालवली तर ह्यांचा श्वास. इकडे आड, तिकडे विहीर. मी बोलता बोलता रडायला लागले.

ह्यांनी माझा हात धरला.

"देऊन टाक," म्हणाले. "तिने आधी धरलीय ना? मग तिची. बसू दे बिचारीला एकदा."

"आणि तुम्ही?"

"मला तू आहेस. उशा आहेत."

असा माणूस. स्वतःला श्वास पुरत नाही आणि दुसऱ्याला जागा देतोय.

सकाळी टेम्पो आला. खुर्ची जिन्यातून उतरताना मी माझी हिरवी चिंधी सोडून घेतली. निळी तशीच ठेवली. शेठना बजावून सांगितलं होतं, ही आता विकायची नाही, मागे ठेवून द्या. आणि हळूच, टेम्पोवाल्याला ऐकू जाणार नाही असं, मी खुर्चीला म्हटलं, "बसा बाई. झालं आमचं."

का म्हटलं मी ते? तोंडातून निघून गेलं.

दुपारी ह्यांना पलंगावर बसवलं, उशा लावल्या आणि मी खाली चटईवर टेकले. अंगात त्राण नव्हतं. थोड्या वेळाने हे घसरतील, खोकतील, मग उठू, असं म्हणत माझा डोळा लागला.

खोकला आलाच नाही.

जाग आली ती खालच्या दुकानांची शटर्स पडायच्या आवाजाने. खोलीत अंधारून आलं होतं. मी धडपडत उठले.

हे झोपले होते. श्वास संथ चालू होता. पाठ छान मागे रेललेली.

आणि उशा...

उशा सगळ्या खाली पडल्या होत्या.

ह्यांच्या पाठीमागे काहीच नव्हतं. पाठ आणि भिंत ह्यांच्यात हातभर जागा. तरी हे रेलून झोपले होते. कोणीतरी मागे बसून बगलेत हात घालून ह्यांना धरावं, तसे. मी धरते, तसे.

मी दिवा लावला.

ह्यांच्या मनगटाला निळी चिंधी होती. पांढऱ्या ठिपक्यांची.

शेठना फोन लावला. "खुर्ची उलटी करा. आत्ता."

फोनमधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "केली. काय बघू?"

"चिंधी आहे?"

"चिंधी? नाही हो वहिनी. काहीच नाही."

ह्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. हे ठीक आहेत. म्हणजे झोपतात. डॉक्टरांना आश्चर्य वाटतं. मनगटाला काय बांधलंय म्हणून त्यांनी विचारलं, तर हे म्हणाले, "असू द्या." खुर्ची शेठच्या गोदामात मागे पडून आहे. तिच्यातून आता कसलाच आवाज येत नाही म्हणतात.

दीर म्हणतात, कापून टाका वहिनी, चिंधीच तर आहे. मी दोनदा कात्री घेऊन बसले. ह्यांना आधार तिचाच असेल तर? मी कापली आणि हे मागे पडले तर?

तिने ह्यांना धरलंय. एवढं मला कळतं. पण सावरायला धरलंय, की आम्ही वस्तू धरतो तसं धरलंय, ते कळत नाही. आणि झालं आमचं, असं मीच तिला सांगून बसलेय.

धरलेली वस्तू दुकान बंद व्हायच्या आत न्यायची असते.

रोज संध्याकाळी खालची शटर्स पडायला लागली की मी हातातलं काम टाकून ह्यांच्या शेजारी जाऊन बसते. ह्यांचं दुसरं मनगट घट्ट धरते. शेवटचं शटर पडेपर्यंत सोडत नाही.

मग आमच्या दोघांच्याही मागून, अगदी जवळून, कोणीतरी म्हणतं...

"हुश्श."